वाघमहाराजांचा सुटलेला पडदा

एका जंगलात त्या दिवशी असं लख्ख ऊन पडलं होतं, बाळांनो, की मुंगीचीसुद्धा सावली दिसावी. वारा नाही, ढग नाही. आणि वाघमहाराज म्हणतात, "काय अंधारून आलंय रे! पाऊस येणार."

"येणारच, महाराज!" कोल्हा प्रधान म्हणाला. लगेच दरबारानं डोक्यावर केळीची पानं धरली. माकडं तर कुडकुडायलाही लागली.

बिनपानाचे उभे होते एकटे डॉक्टर बगळे. ते पडद्याचं जादा शिक्षण घेऊन नुकतेच परतले होते. डोळ्याच्या आत, अगदी मागं, एक पातळ पडदा असतो म्हणे. त्यावर चित्र उमटतं, तेव्हा आपल्याला दिसतं. पाणी न हलवता पाण्यावरची माशी उचलता आली, तेव्हा कुठं गुरूंनी बगळ्यांना डोळ्याला हात लावू दिला.

बगळ्यांनी महाराजांच्या डोळ्यात डोकावून पाहिलं. "महाराज, आभाळ स्वच्छ आहे. तुमचा पडदा सुटलाय. आज चिकटवला नाही, तर डोळा गेला."

"आणि डोळा गेला तर तुमची मान गेली," कोल्हा त्यांच्या कानाशी म्हणाला. "केवढी लांब आहे हो!"

बगळे एका पायावर उभे राहिले, श्वास धरला आणि चोचीनं ऑपरेशन केलं. पडदा दाबून धरायला आत हवेचा बुडबुडा सोडला.

"आता पडदा चिकटेपर्यंत मान खाली. जेवताना, झोपताना, रागावतानासुद्धा. वर केलीत की बुडबुडा सरकलाच!"

महाराजांनी मान खाली घातली. तसा कोल्हा ओरडला, "महाराजांची मान खाली, आणि तुमच्या माना वर? लाजा नाहीत?"

झालं! सगळ्या माना खाली. हत्ती वारुळालाच हत्तीण समजून त्याच्याशी गोड बोलू लागला. दोन सांबरांची शिंगं अडकली, आणि "आधी आपण", "छे छे, आधी आपण" करत ती गोल गोल फिरत राहिली. कोल्हा स्वतः तळ्यात पडला आणि म्हणाला, "आंघोळच करायची होती."

शेवटी एका सकाळी बगळे म्हणाले, "महाराज, आता हळूच वर बघा."

महाराजांनी मान उचलली. झाडाचं पान न् पान दिसलं. आणि समोर वाकलेला अख्खा दरबार दिसला.

"वा! किती छान दिसतंय!"

"माना वर करा रे, महाराज बरे झाले!" बगळे आनंदानं ओरडले.

"थांबा, डॉक्टर," महाराज म्हणाले. "यांचा उपचार चालू राहू दे."

"पण यांना काही झालेलं नाही!"

"होऊ नये म्हणूनच."

तात्पर्य: ते बगळ्यांची शेजारीण पाणकोंबडी सांगून गेली. मान खाली घालून, चिखलाकडे बघत ती त्यांना म्हणाली, "भावजी, डोळे कसे बरे करायचे ते शिकून आलात, गुणी आहात. आता कुणाचे करायचे नाहीत, तेवढं शिकून या."