नारिंगी जाकिटातले हवालदार

"तुम्ही पोलीस दिसताच कामा नये," असं म्हणून साहेबांनी एक नारिंगी जाकीट, पिवळं हेल्मेट आणि चिखलाने माखलेले गमबूट हवालदारांच्या पुढ्यात सारले.

हवालदारांनी पोट आत घेतलं. नोकरीत केस पांढरे झाले, तरी साहेबांनी काहीही पुढे सारलं की त्यांचं पोट आपोआप आत जायचं.

प्रकरण साधंच होतं. गावाबाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्याची एक बाजू खणून ठेवली होती आणि उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून वाहतूक चालू होती. वेग तीसच्या वर नेऊ नका, असे मोठमोठे फलक होते. पण लोक फलक वाचून होईपर्यंत त्यांच्या पुढे निघून गेलेले असायचे. आठवड्यापूर्वी एका मजुराला गाडीचा धक्का बसून त्याचा पाय मोडला. मग तिथे गणवेशातला पोलीस उभा केला. तो लांबून दिसला की गाड्या वरातीसारख्या चालायच्या आणि तो मागे पडला की उधळायच्या. म्हणून साहेबांनी हे वेषांतर काढलं होतं. हवालदारांनी मजूर बनून तिपाई लावायची. तिपाईवर रस्ता मोजणाऱ्यांची असते तशी दुर्बीण दिसेल, पण आत वेग मोजायचं यंत्र. गाडी जोरात आली की नंबर वॉकीटॉकीवर सांगायचा. पुढे सिमेंटच्या पाइपांआड लंबू शिपाई गणवेशात दबा धरून बसेल. तो गाडी अडवेल आणि पावती फाडेल.

"आणि घरीसुद्धा अवाक्षर काढायचं नाही," साहेब म्हणाले. "मागच्या नाकाबंदीची बातमी तुमच्या कॉलनीत आधी फुटली, माझ्या कानावर नंतर आली."

हवालदारांनी मान डोलावली. ती बातमी त्यांच्याच घरून फुटली होती, त्यामुळे मान जरा जास्तच डोलावली.

सकाळी नेहमीसारखा गणवेश घालून ते घरातून निघाले आणि कामाच्या जागी, मजुरांच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी कपडे बदलले. सुरुवात झकास झाली. गाड्या सुसाट येत होत्या, यंत्र आकडे दाखवत होतं, पाइपांआडून लंबू भुतासारखा प्रकट होत होता. हवालदार खुशीत आले. या खुशीतच त्यांच्या खांद्यावर एक जाडजूड हात पडला.

"तू कोण रे?"

तो साइटचा मुकादम होता. ही योजना फक्त इंजिनिअरला ठाऊक होती आणि इंजिनिअर मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेला होता.

"मी... मोजणीवाला," हवालदार म्हणाले.

"मोजणी गेल्या महिन्यातच झाली. आता काय मोजतोस?"

"पुन्हा मोजतोय. खात्रीसाठी."

मुकादमाने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बूट मळलेले, पण हात गुळगुळीत. आयुष्यभर कामचुकार पाहून त्याची नजर तयार झाली होती. "खात्रीचं मी बघतो. एक माणूस आधीच कमी आहे. ते घमेलं उचल."

खरं सांगितलं तर दुपारच्या जेवणापर्यंत साऱ्या मजुरांना कळणार, संध्याकाळपर्यंत ट्रकवाल्यांना, आणि उद्या यंत्राला मोजायला काही उरणार नाही. हवालदारांचा हा हिशेब पुरा होईपर्यंत घमेलं त्यांच्या डोक्यावर आलंसुद्धा होतं.

मग एक विचित्र कवायत सुरू झाली. खडीचं एक घमेलं टाकायचं, परत येताना दुर्बिणीला डोळा लावायचा, जाकिटात तोंड खुपसून नंबर पुटपुटायचा, पुढचं घमेलं उचलायचं. शेजारच्या मजुराला वाटलं, हा माणूस स्वतःशीच बोलतो. त्याने कळवळून त्यांना आपल्यातलं पाणी दिलं.

दुपारी यंत्रात एक चकचकीत लाल गाडी दिसली. वेग बासष्ट. हवालदारांनी नंबर बघितला आणि पुन्हा एकदा बघितला. गाडी त्यांच्या साडूंची होती.

साडूंचं फरशांचं मोठं दुकान होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. साडूंकडे बंगला होता, गाडी होती, पण घरच्या कार्यात पाहुणे आधी हवालदारांना खुर्ची द्यायचे. कारण एकच, अंगावरची खाकी. हे शल्य साडूंच्या मनात कायमचं रुतून बसलं होतं.

हवालदारांनी क्षणभर विचार केला आणि नंबर सांगितला. त्यात कर्तव्य किती आणि आनंद किती, हे त्यांनी तपासून पाहिलं नाही.

लंबूने गाडी अडवली. साडू काच खाली करून रुबाबात म्हणाले, "आमचे साडू तुमच्याच खात्यात आहेत म्हटलं."

"असतील. पावती कोणत्या नावाने करू?"

साडू भडकले. आता थेट चौकीत जाऊन हवालदारांनाच गाठतो, म्हणून त्यांनी गाडी वळवली आणि तडक परत निघाले. नेमका तेव्हाच, आळीपाळीने एकेका बाजूच्या गाड्या सोडणाऱ्या झेंडेवाल्याने लाल झेंडा दाखवला. गाडी थांबली ती बरोबर एका मजुराच्या शेजारी. त्या मजुराच्या डोक्यावर खडीचं घमेलं होतं आणि घमेल्याखाली साडूंच्या ओळखीच्या मिशा होत्या.

"तुम्ही?" साडू ओरडले.

"मी?" हवालदार म्हणाले.

"अहो, हे काय झालं?"

"ते... असंच. जरा हवापालट."

"ए मोजणीवाल्या!" मागून मुकादम गरजला. "पाहुण्यांशी गप्पा नंतर! खडी काय चालत जाणार आहे?"

साडूंनी आवाज न करता काच वर घेतली. हिरवा झेंडा दिसला तरी बराच वेळ गाडी हलली नाही.

संध्याकाळी हवालदार पुन्हा गणवेश चढवून घरी गेले. बायको अतिशय मायेने बोलत होती. लग्न झाल्यापासून ती इतक्या हळू आवाजात त्यांना कावीळ झाल्याचं कळलं त्याच दिवशी बोलली होती.

"दमलात?" तिने विचारलं. "खांदे चोळून देऊ?"

"खांदे कशाला? बसूनच तर असतो."

तिने डोळे टिपले. "मला काही सांगायचंय का तुम्हाला? मी रागावणार नाही."

"नाही बुवा. काय सांगायचंय?"

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने हवालदारांनी डोकावून पाहिलं, तर ती त्यांच्या गणवेशाला इस्त्री करत होती. एकच बाही पुन्हा पुन्हा, अगदी हळुवार. नोकरी गेलेली आहे, लाजेखातर माणूस रोज गणवेश घालून निघतो आणि दिवसभर खडी वाहतो, असं ती मनोमन धरून चालली होती. दाराशी उभ्या असलेल्या हवालदारांना सगळं उमगलं. खरं ओठांवर आलं होतं. पण मागच्या नाकाबंदीची आठवण झाली आणि त्यांनी ओठ आवळले. त्या रात्री पोटभर जेवण मिळूनही त्यांना घास गोड लागला नाही.

साडूंनी मात्र ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. फक्त आपल्या बायकोला सांगितली आणि तीही, कोणाला सांगू नकोस, अशी ताकीद देऊन.

दुसऱ्या दिवशी यंत्रात अजब आकडे दिसू लागले. बावीस. अठरा. चौदा. एका गाडीला तर यंत्राने उभी म्हणूनच धरलं. आत कॉलनीचे सेक्रेटरी होते, सहकुटुंब. त्यांनी मान वाकडी करकरून बघितलं आणि च् च् केलं. मागोमाग कॉलनीतला शिंपी, दाताचे डॉक्टर, बायकोच्या दोन मामेबहिणी आणि हवालदारांनी वर्षापूर्वी दंड केलेला एक रिक्षावाला. तो तर चक्क तीन चकरा मारून गेला. ज्याला त्याला खात्याने काढून टाकलेला हवालदार डोळे भरून बघायचा होता. पुढचे असे रेंगाळले की मागचे आपोआप रांगेत. हॉर्न वाजत होते, पण तिशी कोणालाच गाठता येत नव्हती.

"गिऱ्हाईकच नाही हो," वॉकीटॉकीवर लंबू कुरकुरला. "पाइपात बसून पाठ धरली माझी. झालंय काय आज लोकांना?"

"मयताला आलेत," हवालदार म्हणाले. "माझ्याच."

तेवढ्यात यंत्र टुणकन वाजलं. बावन्न! सगळ्या रांगेला वळसा घालून, उकरलेल्या मातीच्या कडेने एक पांढरी स्कूटर भन्नाट येत होती. हँडलला डबा लटकत होता. डब्याच्या मागे हवालदारांची बायको होती.

हवालदारांचा हात वॉकीटॉकीवर थबकला. तिकडे मातीच्या कडेला, बरोबर तिच्या वाटेवर, त्यांना काल पाणी देणारा मजूर पाठमोरा वाकून काम करत होता. ते जीव खाऊन ओरडले, "बाजूला हो!" मजूर उडी मारून बाजूला झाला, स्कूटर त्याच्या शेजारून निघून गेली; नारिंगी जाकिटातला नवरा बायकोला दिसलाही नाही. हवालदारांनी कपाळ पुसलं आणि बटण दाबलं.

"पांढरी स्कूटर. अडव."

"अहो, या तर वहिनी!"

"दिसतंय मला. पावती फाड."

लंबूने स्कूटर अडवली मात्र, सगळा रस्ता ऐकेल असा आवाज उठला. "लाज वाटते का रे? इतकी वर्षं राबवून घेतलंत, भर उन्हात खडी वाहायला लावलीत, आणि आता त्यांना डबा घेऊन जाणाऱ्या बायकोला अडवता? काय गुन्हा होता त्यांचा? लाच खाल्ली? तुम्ही खाल्ली असेल!"

लंबू उंचीने मोठा असला तरी हिमतीने बेताचाच होता. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच सगळं सांगून टाकलं.

बायको स्कूटर हाताने ढकलत परत आली. हवालदारांनी घमेलं खाली ठेवलं.

"नोकरी आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"शपथ?"

"तुझी शपथ."

तिने मोठा श्वास सोडला. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं. मग हातातल्या कागदाकडे लक्ष गेलं आणि हसू मावळलं. "आणि ही पावती मला तुम्ही फाडायला लावलीत?"

"नोकरी आहे ना," हवालदार खालच्या आवाजात म्हणाले. "तो बघ, तिथे माणूस होता."

तिने त्या मजुराकडे पाहिलं. डबा उघडून आधी त्याच्यापुढे धरला, मग नवऱ्यापुढे.

"ताईला आत्ताच फोन करते," जाताना ती म्हणाली.

"एक शब्द नाही! काम संपेपर्यंत तुझा नवरा बेकार आहे."

संध्याकाळी साडू घरी आले, येताना फळांची करंडी घेऊन. पाय पसरून बसले आणि कनवाळू आवाजात म्हणाले, "संकोच करू नका. आमच्या गोदामावर राखणदार हवाच आहे. टोपीसुद्धा देतो आम्ही. तुम्हाला टोपीची सवय आहे."

बायकोने पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे गदगदा हलत होते.

"रडू नका," साडू म्हणाले. "आम्ही आहोत ना!"

त्यावर ती उठून स्वयंपाकघरात पळाली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. हवालदार मान खाली घालून जमिनीकडे बघत राहिले. "विचार करून सांगतो," एवढंच त्यांना म्हणता आलं.

आठवड्याच्या शेवटी साहेब पाहणीला आले. रजेवरून परतलेल्या इंजिनिअरने मुकादमाला खरं काय ते सांगितलं होतं. मुकादम खजील होईल, असं हवालदारांना वाटलं होतं. पण तो साहेबांना म्हणाला, "पोलीस असू दे हो, हात चांगला बसलाय आता. काम संपेपर्यंत ठेवा."

साहेबांनी आकड्यांवर नजर टाकली. पहिला दिवस सोडला, तर स्कूटरखेरीज एकही गाडी तिशीच्या वर गेली नव्हती. मजुरांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "म्हणजे वेषांतर जमलं. कोणी ओळखलं नाही ना?"

हवालदारांनी पोट आत घेतलं. "खोटं कशाला बोलू साहेब? सगळ्यांनी ओळखलं." आणि त्यांनी साडूंपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळी कर्मकहाणी सांगितली. ऐकता ऐकता लंबू पाइपाला टेकून हसत सुटला. राखणदाराच्या टोपीपर्यंत तर तो खाली बसला.

साहेब मात्र हसले नाहीत. हनुवटी खाजवत ते बराच वेळ त्या शिस्तीत सरपटणाऱ्या गाड्यांकडे बघत राहिले. मग लंबूकडे वळले.

"नदीवरच्या पुलाचं काम सोमवारी सुरू होतंय," ते म्हणाले. "तुला नातेवाईक किती रे?"

लंबूचं हसणं थांबलं.

"तसे... पुष्कळ आहेत, साहेब."

"आणि सासरचे?"

मुकादम लंबूचे खांदे चाचपून बघत होता.