रंगरावांचा पंप आणि सुवाच्य प्रणाली

धायरीतले डॉक्टर मच्छिंद्र पोकळे यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. वैद्यकीय व्यवसायात हा दोष मानला जात असूनही त्यांचा दवाखाना बरा चालत असे. त्यांची चिठ्ठी औषधवाल्याला वाचता यायची, पेशंटला वाचता यायची, फार काय, दुसऱ्या दिवशी खुद्द डॉक्टरांनाही वाचता यायची. अशा माणसालाही नियम लागू झाला, यावरून तो नियम किती निःपक्षपाती होता हे ध्यानात यावं.

नियम असा : डॉक्टरांचं अक्षर लागत नसल्याने जनतेच्या जिवाला धोका आहे, सबब यापुढे हाताने लिहिलेली चिठ्ठी ग्राह्य धरली जाणार नाही. प्रत्येक चिठ्ठी ‘सुवाच्य’ नावाच्या संगणक प्रणालीतूनच निघेल. या आशयाचं परिपत्रक दवाखान्यात आलं खरं, पण ते झेरॉक्सची झेरॉक्स असल्याने कुणालाच वाचता आलं नाही. स्वागतकक्षातल्या शालनताईंनी अंदाजाने अर्थ लावला, आणि दुर्दैवाने तो बरोबर निघाला.

सोमवारी सकाळी रंगराव आले. ज्यांच्या ज्वारीच्या रानात आता टॉवर उभे आहेत आणि त्या टॉवरांची धूळ ज्यांच्या छातीत उभी आहे, असे हे जुने दम्याचे पेशंट. सोबत त्यांच्या पत्नी दुर्गाबाई.

“पंप सपला, डॉक्टर,” दुर्गाबाईच बोलल्या, कारण रंगरावांचा श्वास दुसऱ्या कामात होता. “रातभर बसून हायेत.”

डॉक्टरांनी आधी वाफ दिली. छातीतली शिट्टी जरा उतरली. “पण रात्री पुन्हा उठणार हे,” डॉक्टर म्हणाले. “पंप उशाला पाहिजेच. आत्ता लिहून देतो.” आणि सवयीने पेन काढून, जीभ चावून, त्यांनी संगणक सुरू केला.

आपण डॉक्टरच आहोत हे आधी सिद्ध करायचं होतं. पडद्यावर सूचना आली : डोळे मिचकावा. डॉक्टरांनी मिचकावले. पुढची सूचना : फक्त उजवा. डॉक्टरांनी उजवा मिचकावला. पडद्यापलीकडे बसलेल्या दुर्गाबाईंनी पदर सावरला.

“काय वं डॉक्टर? ह्या वयात?”

“आजी, ते तुम्हाला नाही,” शालनताई दारातून म्हणाल्या. “सरकारला मिचकावताहेत.”

सरकारने डोळ्याला प्रतिसाद दिला आणि रंगरावांची माहिती उघडली. नावापुढे हिरव्या रंगात लिहिलं होतं : रुग्ण बरा झाला आहे.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. मजकूर तोच राहिला. मागची चिठ्ठी महिन्याची होती, महिना संपला, अर्थात उपचार पूर्ण झाले, अर्थात रुग्ण बरा झाला. तर्कात कुठे खोट काढायला जागा नव्हती.

“रंगराव, तुम्ही बरे झालायत.”

“कवा?” रंगरावांनी कसाबसा एक श्वास त्या शब्दावर खर्च केला.

“मागच्या बुधवारी.”

“मला कुनी... सांगितलं न्हाई.”

बऱ्या झालेल्या माणसाला औषध देता येत नाही. त्याला आधी रीतसर आजारी करावं लागतं. त्यासाठी प्रणालीने विचारलं, रुग्ण पुन्हा आजारी का पडला? पर्याय होते, डॉक्टरचा निष्काळजीपणा, रुग्णाचा निष्काळजीपणा आणि इतर. डॉक्टरांनी ‘इतर’ निवडून लिहिलं, “दमा आहे.” प्रणालीने कळवलं की हे कारण नसून आजार आहे. पाठीमागे बाकावर खोकला वाढत चालला होता. डॉक्टरांनी डोळे मिटून ‘डॉक्टरचा निष्काळजीपणा’वर बोट ठेवलं. प्रणालीने आभार मानले आणि रंगराव आजारी झाले.

“आता फक्त तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो सांगा.”

“मोबाईल हाय, पर नंबर नातीचा, सृष्टीचा दिलाय,” दुर्गाबाई म्हणाल्या. “ह्यांना कुठं जमतंय त्यातलं? गॅसचा नंबरबी तिच्याकडंच येतो.”

“मग सृष्टीला फोन लावा.”

“ती लोणी काळभोरला. पेपर हाय तिचा. फोन भायेर जमा करत्यात.”

रंगरावांच्या श्वासाचा आकडा अशा रीतीने लोणी काळभोरच्या परीक्षाकेंद्राबाहेर, शंभर पोरांच्या फोनांमध्ये, बंद पिशवीत वाजला आणि मुदत संपून विझला. डॉक्टरांनी नवा मागवला. तोही त्याच पिशवीत गेला.

शेवटी त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर पूर्वा नावाची एक मुलगी आली. ती अतिशय गोड बोलत होती. त्यावरूनच डॉक्टरांनी ओळखलं की ही पुण्याची नाही.

“सर, ओटीपी पेशंटनेच द्यायचा असतो.”

“पेशंटला दम लागलाय.”

“मग सर, आपण ‘तातडी’वर क्लिक करा ना.”

“केलं. ते म्हणतं, ओटीपी टाका.”

“बरोबर आहे सर. आपली तब्येत गंभीर आहे, हे पेशंटने स्वतः मान्य करायला हवं ना? उद्या कुणी गंभीर नसताना गंभीर निघालं तर?”

“आणि गंभीर असताना ओटीपी नाही मिळाला तर?”

पूर्वाने पर्यायांची यादी चाळली. “तसं झालं तर सर, ‘चिठ्ठीची आवश्यकता उरलेली नाही’ असा पर्याय आहे. त्याला ओटीपी लागत नाही.”

डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यांनी उभ्या आयुष्यात सिग्नल तोडला नव्हता; सिंहगड रस्त्यावर तसं करायला सिग्नलपर्यंत पोहोचावं लागतं, हा भाग वेगळा. पण आता त्यांनी पॅड ओढलं, पंपाचं नाव, मात्रा, रोज किती वेळा ओढायचा, सारं सुबक अक्षरात लिहिलं, सही केली, शिक्का मारला, आणि रंगरावांना शालनताईंच्या हवाली करून दुर्गाबाईंसोबत स्वतःच रस्ता ओलांडून भीमरावांच्या औषधाच्या दुकानात गेले.

भीमरावांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली. कौतुकाने वाचली. उजेडात धरून पुन्हा वाचली.

“वा! काय अक्षर आहे! औषध मिळणार नाही.”

“भीमराव, अहो तुम्ही मला वीस वर्षं ओळखता!”

“मी ओळखतो हो. क्यूआर कोड कुठाय? चिठ्ठी आली की मला ती प्रणालीत तपासावी लागते. ही तिथे नाही, म्हणजे ही बेकायदा. बेकायदा चिठ्ठीवर औषध दिलं तर माझं लायसन्स जाईल.”

“रंगरावांना रात्री दम लागला तर जीव जाईल त्यांचा!”

भीमरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

“डॉक्टर, एक करा. चिठ्ठी खिशात ठेवा.”

“ठेवली.”

“आता आपण डॉक्टर नाही. गिऱ्हाईक आहात. बोला, काय पाहिजे?”

डॉक्टरांनी चिठ्ठीचा खिसा हाताने झाकला. “दम्याचा पंप.”

“निळा की जांभळा?”

“नि... निळा.”

पंप काउंटरवर आला. दुर्गाबाईंनी तो पदरात घेतला आणि कुणाची वाट न बघता रस्ता ओलांडला.

“हे... असं चालतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“चिठ्ठी असेल तर तपासायची, असा नियम आहे,” भीमराव म्हणाले. “नसेल तर काय तपासणार? कागदच नाही!”

“अहो, आटपा की!” मागून आवाज आला. “चिठ्ठ्या घेऊन येतात आणि सगळ्यांचा खोळंबा करतात!”

डॉक्टर वळले. रांग थेट वडापावच्या गाडीपर्यंत गेली होती आणि तिच्यातले बहुतेक चेहरे त्यांच्या ओळखीचे होते. दवाखान्यात दिसेनाशी झाली म्हणजे ही सगळी माणसं बरी झाली, असा त्यांचाही समज होता.

तिसऱ्या नंबरवर, वाचकहो, आपण होतात. डॉक्टरांनी आपल्याला नमस्कार केला. आपणही केलात, पण एकाच हाताने. दुसऱ्या हातात, आपल्या साडूला गुण आलेल्या अँटिबायोटिकची, नमुना म्हणून आणलेली कापलेली स्ट्रिप होती.