मधल्या कुडातला पाय

जव्हार संस्थान विलीन झालं आणि वामनराव कारकुनांच्या पायांना काम लागलं. तोवरची सारी हयात त्यांनी कचेरीत मांडी घालून काढली होती. नव्या सरकारचा हुकूम आला : सोमवारी मोखाड्याला साहेबांपुढे हजर व्हा, तिथून खोडाळा, सूर्यमाळ अशी फिरती करा. जो येणार नाही त्याचं नाव कमी होईल. संस्थानी कारकून तसेही जास्तच झाले होते, त्यामुळे वामनरावांना घाम फुटला.

"रानातनं एकटेच जाणार? वाटेत कोणी आडवा आला म्हणजे?" त्यांच्या बायकोने, कमूने, विचारलं.

"लाथ घालीन!" वामनराव बोलून गेले. (आजवर त्यांनी लाथ मारली होती ती झोपेत, पांघरुणाला.)

बोललो ते निभावायला हवं, म्हणून ते शेजारच्या गुलामभाईंकडे गेले. गुलामभाई पूर्वी राजवाड्यावर पहारेकरी. शिपायांना लाठी आणि पायांचे डाव शिकवायचे. आता सुतारकी करत होते. शागीर्द आलेला पाहून त्यांनी खुशीत रंधा खाली ठेवला.

"वामनराव, पहिला सबक हलायचा. समोरचा अंगावर आला की बाजूला व्हायचं. दुसरा लाथेचा. आणि तिसरा सगळ्यात मोठा. मारलेला पाय लगेच मागे घ्यायचा."

पहिल्या दिवशी हलणं झालं, दुसऱ्या दिवशी लाथ. तिसऱ्या दिवशी वामनरावांना वाटलं, आपलाच पाय आपल्याकडे यायला शिकवणी कशाला? ते गेलेच नाहीत.

रविवारी संध्याकाळी कमू अंगणात भांडी घासत होती. घरात वामनरावांनी धोतर खोचलं आणि दरोडेखोर म्हणून मधला कूड निवडला. दोन्ही घरांच्या मधे हीच एक सामाईक भिंत, कारवीच्या काठ्यांची, वरून शेणमातीने सारवलेली. लाथ उत्तम बसली. इतकी उत्तम, की पाय गुडघ्याच्या वरपर्यंत गुलामभाईंच्या स्वयंपाकघरात गेला आणि मोडक्या कारव्यांत अडकून तिथेच राहिला. तिसरा सबक त्यांना तेव्हा आठवला.

पलीकडे गुलामभाईंच्या बायको नूरुन्निसा नागलीच्या भाकरी थापत होत्या. कूड फोडून शिरणारा चोर आधी पाय आत घालतो, हे जव्हारात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यांनी पाय दोन्ही हातांनी धरला, दोरीने मेढीच्या खांबाला बांधला आणि आरोळी ठोकली, "चोर! कमूताई, धावा! चोराचा पाय धरलाय!"

"भाभी, मी आहे, मी!" वामनराव ओरडले. पण त्या गिल्ल्यात चोराचं कोण ऐकतो?

कमू अंगणातून थेट शेजारी धावली. "सोडू नका भाभी, मेल्याला चांगली अद्दल घडवते!" म्हणत तिने चुलीजवळची फुंकणी उचलली आणि घोट्यावर चार सणसणीत हाणल्या. पाचवी उगारली, तोच तिला टाचेच्या भेगांत भरलेलं कोकमतेल दिसलं. ते तिनेच दुपारी लावलं होतं, उद्याच्या चालीसाठी.

"अगंबाई!" फुंकणी गळून पडली. "हा तर आमच्या घरातला पाय!"

आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या गुलामभाईंनी करवतीने कारव्या कापून शागीर्द सोडवला. घोटा टम्म फुगला होता. एका कोपऱ्यात कमू रडत होती, दुसऱ्यात भाभी, आणि मध्ये वामनराव. "गेली नोकरी," एवढंच ते म्हणत होते.

"रोना किसलिए?" गुलामभाई म्हणाले. "तुम्हाला चालायचं नाही. मी आहे ना."

पहाटे त्यांनी कोणाची तरी बैलगाडी मागून आणली. भाभींनी तीत स्वतःची गादी अंथरली, भाकरी बांधून दिली. गुलामभाई लाठी घेऊन पुढे बसले आणि मोखाड्यापर्यंत एकेक खड्डा चुकवत गेले. गादीवर पडल्या पडल्या वामनरावांचे डोळे सारखे भरून येत होते. असे शेजारी मिळायला कोणतं पुण्य केलं होतं, ते काही त्यांना आठवेना.

साहेबांनी घोटा पाहिला. "वाटेत दरोडेखोर भेटले? या शेजाऱ्यांनी वाचवलं वाटतं?"

"नाही साहेब," वामनराव प्रामाणिकपणे म्हणाले. "शेजाऱ्यांच्याच घरात मार खाल्ला. पण इथवर आणलं तेही त्यांनीच."

सगळी हकीकत ऐकून साहेब पोट धरधरून हसले. "अशा पायाने जो हजर झाला, त्याचं नाव कसं कमी करू?" असं म्हणून त्यांनी घोटा बरा होईतो बैठं काम दिलं. नोकरी राहिली ती गुलामभाईंमुळे, हे वामनराव पुढे जन्मभर सांगत राहिले.

गुलामभाईंनी ते भोक बुजवलं नाही. तिथे सागाची छोटी खिडकी बसवली. तिच्यातून इकडून पुरणपोळी जाई, तिकडून शिरखुर्मा येई. पुढे एकदा साहेब जव्हारला आले, तेव्हा मुद्दाम ती पाहायला आले.

"खिडकी छान आहे," ते वाकून म्हणाले, "पण इतकी खाली, गुडघ्याशी?"

"काय करणार साहेब?" कमू पदर सावरत म्हणाली. "ह्यांचा पाय याच्या वर जातच नाही."