मकासरे काकांचा कृपादान विभाग

आमच्या मंडळीत नवा माणूस आला की मकासरे काका त्याला दारातच गाठतात. नाव-गाव नंतर. आधी त्याला आपादमस्तक न्याहाळतात आणि विचारतात, "बोला, तुम्हाला कोणत्या पोस्टवर घ्यायचं?" तो बिचारा उपासनेला आलेला असतो. आपण चुकून एखाद्या भरतीच्या रांगेत शिरलो की काय, असं त्याला वाटतं.

दिल्लीतली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे सगळी मिळून साठेक टाळकी. कुणी नोएडाहून येतं, कुणी द्वारकेहून, मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून. रविवारी दुपारी एका जुन्या चर्चमध्ये जमायचं, मराठीत प्रार्थना करायची, मराठीत गायचं, कचोरी खायची आणि पुन्हा मेट्रो धरायची. काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला होते. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या बदल्या, बढत्या आणि रजा बघितल्या. निवृत्त झाल्यावर तोच कारभार देवाच्या घरात सुरू केला. शरीर एक आणि अवयव अनेक, देव प्रत्येकाला वेगळं कृपादान देतो, हे आम्ही सगळेच संडे स्कूलपासून ऐकत आलोय. काकांनी ते अमलात आणायला घेतलं. "कॅडर पवित्र आत्म्याचं," ते म्हणतात, "आपण फक्त पोस्टिंग बघतो."

आणि त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आमचे आढाव प्रार्थनेला उभे राहिले की खाली बसायचं नाव घेत नसत. पाळकसाहेबसुद्धा एक डोळा उघडून घड्याळ बघायचे. काकांनी आढावांना आजाऱ्यांच्या भेटीवर नेमलं. आजारी माणसाला कुठे जायचं नसतं, आणि कुणीतरी आपल्यापाशी तासभर बसावं एवढंच त्याला हवं असतं. आढावांची आता सगळीकडून बोलावणी येतात.

मी भांडखोर आहे, याबाबत माझ्या सासर-माहेरचं एकमत आहे. काकांनी मला सेक्रेटरी केलं. "सेक्रेटरीबाई, तुम्ही चुका काढता त्या अगदी मनापासून काढता. हे दान आहे. ऑडिट!" मुलाच्या नोकरीसाठी दोन वर्षं प्रार्थना करून थकलेली एखादी आई त्यांच्यापुढे रडली, तर काका तिला म्हणतात, "अर्ज वर गेलाय ना? बस. पेंडिंग आहे, रिजेक्ट नाही." ऐकून हसू येतं. खरं सांगायचं तर धीरही येतो.

काकांचं सगळं गणित एकाच जागी अडलं होतं. गाण्यापाशी.

त्यांच्या पत्नी शालिनीकाकू वीस वर्षं आमची गाणी धरायच्या. पेटी त्यांची, पट्टी त्यांची आणि दराराही त्यांचाच. कुणी बेसूर झालं की पेटीवरून मान वर करून त्या अशा बघायच्या की तो माणूस पुढची कडवी ओठातल्या ओठात म्हणायचा. दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण शब्द येत नाहीत. काका त्यांची सगळी सेवा घरी करत होते आणि रविवारी शेजारणीला बसवून एकटेच चर्चला येत होते.

इकडे आमच्या गाण्याचे हाल कुत्रा खाईना. पुरुष एका पट्टीत, बायका दुसऱ्या, आणि आढाव तिसऱ्याच. एकदा तर चौकीदाराने मला हळूच विचारलं, "मॅडम, अंदर सब ठीक है ना?"

अशात करुणा आली. पुण्याची मुलगी, नोएडात आयटीत नोकरी. गळा गोड, पेटीवर हात बसलेला. मी धावतच काकांकडे गेले.

"ती पोस्ट व्हेकंट नाही," काका म्हणाले. "अधिकारी रजेवर आहेत."

"काका, दीड वर्ष झालं."

"मेडिकल लीव्ह. एक्स्टेंड झालीय."

"मग पोरीला तात्पुरता चार्ज तरी द्या."

"तिला पाणी वाटण्याच्या पोस्टवर घेतलंय."

तीन महिने करुणाने पाणी वाटलं. मग एका रविवारी मला म्हणाली, "ताई, मी नेक्स्ट संडेपासून येणार नाही. नोएडात घराजवळ एक हिंदी चर्च आहे, तिथे गायला बोलावतायत. इथे पाणी काय, लोक आपापलं घेऊन पितात यार."

माझं डोकं फिरलं. साठ माणसांत मोजून एकाला सूर दिलाय देवाने, आणि तिच्या हातात पाण्याचा जग! शनिवारी सकाळी मी करुणाला घेतलं आणि थेट काकांचं द्वारकेतलं घर गाठलं.

दार उघडलं तेव्हा काकांच्या हातात डाळीचा डाव होता. काकू व्हीलचेअरवर खिडकीपाशी बसल्या होत्या. चहा होईपर्यंत थांबायचं एवढंही मला सुचलं नाही. "काका, तुम्ही सगळ्या मंडळीला वेठीला धरलंय," मी म्हणाले. "ज्याचं दान त्याला वापरू द्या, हे तुम्हीच शिकवता. मग हिचं का दडपताय? स्वतःच्या बायकोसाठी?"

बोलले आणि जीभ चावली. काका वेताच्या मोड्यावर बसले. डाव हातातच होता.

"सेक्रेटरीबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "खुर्ची गेली की माणसाचं काय होतं, ते मी बघितलंय. रिटायर झालो आणि चौथ्या दिवशी माझ्याच सेक्शनला गेलो. पोरं चांगली हो, चहा दिला. पण कागद माझ्यासमोरून इकडून तिकडे जात होते, आणि एकानेही विचारलं नाही की साहेब, हे कसं करू? हिची जागा आज कुणाला दिली, की उद्यापासून तुम्ही सगळे हिच्यासाठी प्रार्थना कराल. बिल्कुल कराल. पण हिला काही विचारायला कुणी येणार नाही."

भांडायला आलेली मी, पदराने डोळे पुसत उभी राहिले. या माणसाच्या पोस्टिंगांना आम्ही इतकी वर्षं हसत होतो, आणि त्यामागे एवढी भीती होती. तरी स्वभावाला औषध नाही. मी विचारलंच, "पण काका, तुम्ही तरी काकूंना विचारलंत का?"

काका वळून काकूंकडे बघू लागले. दीड वर्ष त्यांनी बायकोची जागा राखली होती, पण खुद्द तिला विचारायचं राहून गेलं होतं.

एवढ्यात खाडकन आवाज आला. काकूंनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली होती. त्यांनी आधी करुणाकडे बोट केलं, मग कोपऱ्यातल्या पेटीकडे. करुणाने पेटी ओढली आणि घाबरत एक गीत धरलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच पुन्हा थाप. करुणा थांबली.

"फास्ट जातेय का, काकू?"

काकूंनी मान हलवली आणि दांड्यावर संथ ठेका धरला. करुणाने लय उतरवली. तास-दीड तास हे चाललं होतं. डाळ करपली, ती करपलेलीच आम्ही चौघांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी कॅबमधून पेटी आली आणि काकूही आल्या. काकांनी त्यांची खुर्ची पेटीला लागून लावली. शेवटचं गीत काकूंच्या खास आवडीचं होतं. आम्ही जीव ओतून गायलो. गाणं संपलं तशी करुणाने वळून विचारलं, "काकू, बरोबर?" काकूंनी नाही म्हणून मान हलवली. आम्ही पुन्हा गायलो. काकूंची नजर सरळ आढावांवर गेली. आढाव ओठातल्या ओठात गाऊ लागले. तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू झालं.

आमच्यानंतर तिथे मल्याळी मंडळीची उपासना असते. ते लोक बाहेर ताटकळले होते. त्यांच्यातल्या एका गृहस्थाने दारातून डोकावून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. काका लगबगीने दाराशी गेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"पाँच मिनिट, भाईसाहब," ते छाती काढून म्हणाले. "मॅडम को अभी पसंद नहीं आया."