काचेआडचे बारा नॅपकिन

"मी आखलेल्या कार्यक्रमात आजवर गडबड झालेली नाही आणि होणारही नाही!"

वहिनींनी हे दुकानाच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं तेव्हा शेजारचा चष्मेवाला नुसता "हो हो" म्हणाला. बावीस वर्षांच्या शेजारानंतर माणूस एवढंच म्हणतो.

दुकान फ्रेमांचं. मागच्या खोलीत दादा काच कापत, पट्ट्या जोडत, खिळे ठोकत; पुढे वहिनी गिऱ्हाइकांशी बोलत. अख्खी गल्ली त्यांना दादा-वहिनी म्हणायची, अगदी वयाने मोठी माणसंसुद्धा. गेल्या वर्षीपासून वहिनींनी एक नवं खूळ काढलं होतं. सहा महिन्यांतून एकदा, एका शनिवारी, दुकान आवरून ते आसपासच्या कलाकारांना विक्रीसाठी मोकळं करून द्यायचं. कोणी चित्रं मांडायचं, कोणी मातीची भांडी, कोणी तारेचे दागिने. लोक यायचे, "छान छान" म्हणायचे आणि कधीकधी घ्यायचेही.

या खेपेचा शनिवार मात्र वेगळा होता, कारण या खेपेला धाकटी होती.

धाकटी म्हणजे दादांची बहीण. आठ महिन्यांपूर्वी विमा कचेरीतली नोकरी सोडून ती नॅपकिन शिवायला बसली होती. ऐकणाऱ्याने डोक्याला हात लावावा अशीच गोष्ट, पण नॅपकिन खरंच सुरेख होते! दुपदरी सुती कापड, तीनदा धुऊन कडकपणा काढलेलं, आणि कोपऱ्यात बारीक भरतकाम. एकावर साखरेच्या दाण्याकडे निघालेली मुंग्यांची रांग, एकावर उतू जाणारं दूध, एकावर पाठ फिरवून बसलेली मांजर. कोणी "किती गोड, हे वापरवणार नाही गं!" म्हटलं की धाकटी खवळायची. "वापरायचा! हात पुसायचा, ओटा पुसायचा! वस्तू वापरली की सार्थकी लागते, नाहीतर ती नुसती धूळ खाते," हे तिचं ठरलेलं भाषण.

कचेरीतल्या साहेबांनी तिची खुर्ची अजून राखून ठेवली होती, पण सोमवारपर्यंतच. धाकटीने स्वतःशी पैज लावली होती: शनिवारी बाराच्या बारा नॅपकिन गेले तर शिवणयंत्र, एक जरी उरला तर सोमवारी कचेरी. आणि धाकटी पैजेच्या बाबतीत फार कडक. लहानपणी सापशिडीत साप चावला की खरंच रडत खाली यायची, पण सोंगटी कधी सरकवली नाही.

वहिनींना ती कचेरीत परत जायला नको होती. ती जायची तेव्हा संध्याकाळी घरात शिरताना तिचा चेहरा कसा असायचा, ते त्यांनी सहा वर्षं पाहिलं होतं. म्हणून त्यांनी यादी केली. एका लांब कागदावर, मोठ्या अक्षरात, एकेक सूचना. त्या यादीवर शनिवार उभा होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. दादांना प्रश्न विचारायची भारी सवय. "हे लावायचं का? कुठली पट्टी? काच घालू का?" दर पाच मिनिटांनी मागच्या खोलीतून मुंडकं बाहेर! कंटाळून वहिनींनीच, लग्नाच्या पहिल्या वर्षी, एक नियम केला. काउंटरच्या डाव्या अंगाला ठेवलेली वस्तू फ्रेम करायची, उजव्या अंगाला ठेवलेली गिऱ्हाइकाला द्यायची. मध्ये बोलायचं नाही. बावीस वर्षं तो नियम घड्याळासारखा चालला होता.

शुक्रवारी दुपारी वहिनी शाळेतून टेबलं आणायला गेल्या. जाताना यादी काउंटरवर ठेवून गेल्या. थोड्या वेळाने धाकटी आली. उजवीकडे चहाचे पंचवीस कप पालथे घातलेले होते, म्हणून तिने इस्त्री केलेले बारा नॅपकिन डावीकडे ठेवले आणि किमतीच्या चिठ्ठ्या लिहायला घरी गेली.

मग मागच्या खोलीतून दादा बाहेर आले.

शनिवारी सकाळी, दार उघडायला दहा मिनिटं असताना, वहिनी आणि धाकटी दुकानात शिरल्या आणि जागच्या जागी थिजल्या. समोरच्या भिंतीवर, दोरी धरून लावल्यासारखे, नॅपकिन टांगलेले होते. सोनेरी पट्टीच्या फ्रेमा, बाजूने पांढरी किनार, वर चकचकीत काच.

"अहो!" वहिनी किंचाळल्या. "हे काय केलंत?"

"का? वाकडे लागलेत?" दादांनी एक डोळा मिटून पाहिलं. "नाही, सरळ आहेत. दातांच्या डॉक्टरांनी सर्टिफिकिटांसाठी फ्रेमा करायला सांगितल्या आणि मग नको म्हणाले. पडूनच होत्या. मापात बसले बघ, जणू त्यांच्यासाठीच केल्या होत्या!"

"पण फ्रेम करायला सांगितलं कोणी?"

"डावीकडे होते," दादा म्हणाले.

नियम वहिनींचाच होता.

धाकटी काचेआडच्या मुंग्यांकडे बघत राहिली. आठ महिने जिने "वापरा, वापरा" म्हणून जीव तोडून सांगितलं, तिची वस्तू तिच्याच भावाने आठ-आठ खिळे ठोकून बंद केली होती. आणि भाऊ असा खुशीत, की त्याला रागवायचं तरी कसं?

"काढते मी," ती शेवटी म्हणाली. पण तेवढ्यात दारावर थाप पडली. लोक आले होते.

"माझी यादी कुठाय?" वहिनी काउंटरखाली वाकल्या. "अहो, यादी पाहिलीत? लांब कागद!"

"मी कशालाही हात लावलेला नाही," दादा म्हणाले. नियमाने आलेल्या कामाला ते हात लावणं समजत नसत.

यादी सापडली नाही. वहिनींना तिच्यातलं जेवढं आठवलं तेवढं त्यांनी केलं. त्यातलं एक असं की दुकानातली झाडून सगळी फडकी त्यांनी परसातल्या खोलीत कोंबून कुलूप दाबून लावलं. कलाकारांच्या विक्रीत कळकट फडकं दिसलं तर शोभा ती काय!

अर्ध्या तासात दुकान भरलं. भिंतीपाशी एक बाई थांबल्या.

"हे चित्र नॅपकिनसारखं वाटतं नाही?"

"नॅपकिनच आहे," धाकटी म्हणाली.

"अगबाई! मग पुसायचं कशाने?"

"यानेच."

"काचेसकट?"

धाकटीने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी छताकडे पाहिलं. बाई तारेचे डूल बघायला गेल्या.

पण दादा मात्र आनंदाने ओरडले, "भिंतीवरची एक गेली! दातांचे डॉक्टर घेऊन गेले!"

"नॅपकिन?" धाकटीचा चेहरा उजळला.

"नाही गं, दुसरीच होती एक, दारामागे लावलेली. कविता होती वाटतं कुणाची. सारखं हसत होते वाचून. तपकिरी कागदात बांधून दिली."

कवितेची चौकशी करायला वहिनींना वेळ नव्हता. भिंतीवरचे बाराच्या बारा नॅपकिन जागेवर होते, तेवढं त्यांनी मोजून घेतलं.

दुकानाच्या मध्यभागी चित्रकार उभे होते. वयाने मोठे, आवाजानेही मोठे. पहाटेच्या रंगांची त्यांची आठ जलरंगाची चित्रं टेबलावर उघडी मांडलेली होती, पंख्याने उडू नयेत म्हणून कडांना चिकटपट्टी लावून. दादा दर खेपेला म्हणायचे, "काच घालू या." आणि चित्रकार दर खेपेला म्हणायचे, "काच म्हणजे चित्राचा तुरुंग!" म्हणजे ज्याला काच हवी ते उघडं आणि जे उघडं हवं ते काचेत, अशी त्या दिवशी दुकानाची तऱ्हा होती.

आता यादी असती तर दोन गोष्टी झाल्या नसत्या. एक, चहा बाराच्या आधी बाहेर आला नसता. दोन, चहाचा ट्रे चित्रकारांच्या जवळून गेला नसता, कारण ते पहाटेबद्दल बोलू लागले की दोन्ही हात पंखासारखे पसरतात. दादांना वाटलं, लोक आलेत, चहा द्यावा. आणि सगळ्यात जवळची वाट चित्रकारांच्या पाठीमागून होती.

"आणि मग क्षितिजावर," चित्रकार म्हणाले आणि त्यांनी हात पसरले.

नऊ कप! नऊच्या नऊ आडवे! चहाचा लोंढा टेबलावरून पहिल्या पहाटेच्या दिशेने निघाला.

"माझी पहाट!" चित्रकार ओरडले. चित्र उचलायला गेले, तर चिकटपट्टी निघेना.

"फडकं! फडकं आणा!" वहिनी ओरडल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की फडकी कुलपात आहेत आणि कुलपाची किल्ली कुठे आहे ते यादीत लिहिलेलं आहे. चित्रकारांनी खिशातला हातरुमाल काढला, पण तो निळ्या-हिरव्या रंगाने असा माखलेला की चहा परवडला.

अख्ख्या दुकानात पुसायला योग्य अशा बाराच वस्तू होत्या.

धाकटीने उडी मारून मुंग्यांची फ्रेम भिंतीवरून उतरवली आणि भावाच्या हातात दिली. "दादा, काढ!"

"अगं, आठ खिळे आहेत. पक्कड मागे आहे. सावकाश काढायला लागेल, नाहीतर पट्टी..."

"दादा!"

दादांनी बहिणीकडे पाहिलं. आपल्या हातच्या फ्रेमेवर ओरखडा आला तरी त्यांना दोन दिवस जेवण जात नसे. त्यांनी फ्रेम पालथी केली, मागच्या पुठ्ठ्याच्या फटीत अंगठा घातला आणि सगळा जोर लावून तो पुठ्ठा खिळ्यांसकट फाडून काढला. करकर आवाज झाला, सोनेरी पट्टी कोपऱ्यात तडकली. धाकटीने नॅपकिन ओढला आणि टेबलावर टाकला.

लोंढा पहिल्या पहाटेपासून बोटभर अंतरावर होता. नॅपकिनने तो पिऊन टाकला. धाकटीने पिळला, पुन्हा टाकला. पुन्हा पिळला, पुन्हा टाकला. चार फेऱ्यांत टेबल कोरडं! एका पहाटेच्या कोपऱ्यात चहाचा एक थेंब उडाला होता, तो तिने अलगद टिपून घेतला. चित्रकार नंतर सगळ्यांना सांगत सुटले की त्या जागी ढग हवाच होता.

मग मघाच्याच बाई पुढे आल्या.

"ते मांजराचं मला द्या. फ्रेम नको, आतलं तेवढं द्या."

"मला उतू जाणारं दूध!"

"अहो, मी आधी हात वर केला होता!"

पुढचा तासभर दादा खिळे काढत होते. आदल्या दिवशी ज्या प्रेमाने ठोकले, त्याच प्रेमाने. लोक रांगेत उभे, धाकटी घड्या घालतेय, आणि चित्रकार भिंतीपाशी जाऊन रिकाम्या फ्रेमेवर हळूच नख वाजवून बघतायत. शेवटी दादांच्या कानाशी येऊन म्हणाले, "यांतले आठ तुरुंग माझ्यासाठी बाजूला ठेवा."

दुकान रिकामं झालं तेव्हा दुपार कलली होती. धाकटीने मोजले. अकरा गेले होते. बारावा मुंग्यांचा, चहाने तपकिरी झालेला, काउंटरवर टाकलेला. तो कोणी मागितला नव्हता आणि कोणी मागणारही नव्हतं.

"एक उरला," ती म्हणाली.

"मी घेते ना!" वहिनी पुढे झाल्या.

"घरचं गिऱ्हाईक धरायचं नाही. ठरलं होतं माझं."

"कोणाशी ठरलं होतं?"

"माझ्याशी."

तेवढ्यात धाकटीचं लक्ष काउंटरकडे गेलं. नॅपकिन तिथे नव्हता. दादा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याभोवती मुंग्यांची रांग गुंडाळलेली होती. पुठ्ठा फाडताना अंगठा चांगलाच कापला होता, आणि तासभर खिळे उपटताना त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"दादा! किती लागलंय! आणि मळका नॅपकिन काय बांधलायस?"

"चांगलं रक्त पितो गं," दादा कौतुकाने म्हणाले. "आता हा काही परत मिळायचा नाही तुला. वापरला मी. तूच म्हणतेस ना, वापरली की वस्तू सार्थकी लागते? मग लागली की. बारा झाले."

धाकटीने वाद घालायला तोंड उघडलं. पण तो तिचाच नियम होता, आणि त्या घरात स्वतःच्या नियमापुढे कोणाचं काही चालत नसे, हे वहिनींनी सकाळीच सिद्ध केलं होतं. ती भावाच्या पायाशी खाली बसली, त्याचा अंगठा हातात धरला आणि हसता हसता रडायला लागली. वहिनीही रडल्या. पुसायला काही नव्हतं, म्हणून दोघींनी हातांनीच डोळे पुसले.

सोमवारी धाकटीने साहेबांना फोन करून सांगितलं की खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या.

महिन्याभराने वहिनींची दाढ ठणकायला लागली. धाकटी सोबत गेली. दातांच्या डॉक्टरांनी वहिनींना खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा घातला आणि म्हणाले, "समोर बघत राहा. पेशंटचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मुद्दाम लावलंय. तुमच्याच दुकानातून घेतलं. कवीचं नाव नाही, पण संसारी माणूस दिसतो."

समोर, सोनेरी फ्रेमेत, काचेआड, वहिनींचं ठसठशीत अक्षर होतं. धाकटी मोठ्याने वाचू लागली.

"'चहा बाराला. आधी नाही. चहा चित्रकारांपासून लांब. फडक्यांच्या खोलीची किल्ली साखरेच्या डब्यात. धाकटीचे नॅपकिन सगळ्यात पुढच्या टेबलावर.'" ती फ्रेमेच्या आणखी जवळ गेली. "'उरले तर चष्मेवाल्याला पैसे देऊन घ्यायला लावणे. तिला कळू न देता.'"

तिने वळून वहिनींकडे पाहिलं. वहिनींना खूप काही बोलायचं होतं, पण तोंडात आरसा होता.

"शेवटची ओळ सगळ्यांना आवडते," डॉक्टर म्हणाले. "बायका तर लिहून घेऊन जातात."

धाकटीने डोळे पुसले आणि शेवटची ओळ वाचली.

"'ह्यांना कशालाही हात लावू देऊ नये.'"