बाईसाहेबांच्या खुराला गुलाबाचा वास

तबेल्यातल्या म्हाताऱ्या घोडीला सगळे बाईसाहेब म्हणत. तिची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराची बायको मात्र गेली बावीस वर्षं नुसती "अगं" होती. यावरून काय ते ओळखा.

बाईसाहेबांच्या पुढच्या उजव्या खुराला केसाएवढी चीर दिसली, तेव्हा मोतद्दाराची झोपच उडाली. तबेला घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेचा. तिथल्या मॅनेजरने आदल्याच दिवशी बजावलं होतं, "दोन महिन्यांनी पाहणी आहे. लंगडं जनावर विकून टाकणार." या वयात घोडी कुणाच्या हाती पडेल, देव जाणे!

मोतद्दाराला सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक होतं, पाणी. खूर तो दिवसातून दोनदा धुवायचा, ते चारदा धुऊ लागला. फरशीही चारदा. दुपारच्या उन्हात खूर खडखडीत वाळले, की पुन्हा बादली हजर. आठवड्यात चीर बोटभर लांबली. मग त्याने घरातला कपडे भिजवायचा टब आणला आणि रोज तासभर पाय त्यात बुडवून ठेवला.

"अहो, माझा टब कुठंय?" बायकोने विचारलं.

"कामात आहे."

"आणि टाचांचं मलम?"

"मांजरानं नेलं असेल."

"का? मांजराच्या टाचा फुटल्यात?"

मोतद्दार बादली उचलून सटकला. शनिवारी ठिसूळ खुरात खिळे धरेनात आणि नालच निखळून पडला. बाईसाहेब लंगडल्या. मोतद्दाराला रडूच कोसळलं. शेवटी नालबंदाला निरोप गेला.

नालबंद सत्तरीचा होता. माणूस भेटला तरी तो आधी पाय बघायचा, तोंड मागाहून. त्याने घोडीच्या मानेवर हात ठेवून "हो… हो, बाईसाहेब" म्हटलं. एरवी कुणाला जवळ फिरकू न देणाऱ्या त्या घोडीने मुकाट्याने पाय उचलून त्याच्या मांडीवर दिला. मोतद्दार बघतच राहिला. म्हाताऱ्याने खूर नाकाशी नेला.

"याला गुलाबाचा वास कसा येतो रे?"

चारा घेऊन आलेली बायको दारातच थबकली. "माझं मलम!"

"वहिनी, मलमाचा काय दोष? हा बाबा खूर भिजवतो, वाळवतो, परत भिजवतो. लाकूडसुद्धा तडकेल, हे तर नख आहे." नालबंदाने कानस चालवून वाढलेलं टोक कमी केलं. "दहा मणांचा जीव चार नखांवर उभा राहतो, धावतो, वर आपल्याला पाठीवर घेतो! आणि हे नख वरून खाली उतरतं, महिन्याला नखभर. अख्खं नवं यायला वर्ष लागतं. फाटलेलं सांधत नाही, नवं उतरू द्यायचं. कोरडी जागा, चांगला चारा आणि दर सहा आठवड्यांनी मी. बस्स."

मोतद्दाराने हा खूर पंधरा वर्षं धुतला होता. बघितला आज पहिल्यांदा. वरच्या कडेला, केसांच्या खाली, नवं नख गुळगुळीत चकाकत होतं. त्याच्या अंगावर काटा आला.

सामान आवरताना नालबंदाची नजर सवयीने खाली गेली. "वहिनी, चारा घालायला तुम्ही रोज याच ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असता ना?"

बायकोने टाचा साडीखाली ओढल्या. मोतद्दाराने बादली पायाने मागे सारली.

बादली बंद झाली. फरशी वाळली, वर भुसा पडला. मोतद्दार रोज सकाळी नव्या नखापुढे उकिडवा बसून आ वासून बघत राहायचा. पाहणीपर्यंत ते बोटाच्या रुंदीएवढं खाली उतरलं, त्यात चिरेचा मागमूस नव्हता. नव्या नालाचे खिळे घट्ट बसले. पाहणीच्या दिवशी बाईसाहेब अशा ताठ चालल्या, की मॅनेजरच बाजूला सरकला. "ही राहू दे," तो एवढंच म्हणाला.

मोतद्दार उड्या मारतच घरी आला. बायको पाटावर भाजी निवडत बसली होती. तो समोर उकिडवा बसला, तिचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि खिशातून मलमाची नवी डबी काढली. टाचेवरच्या भेगा त्याने आज पहिल्यांदा बघितल्या. बावीस वर्षं त्याच्या संसारात धावलेला पाय होता तो.

"अहो, काय हे! सोडा!" तिने पाय ओढू पाहिला.

"हो… हो, बाईसाहेब," मोतद्दार हळूच म्हणाला.

"लाथ बसेल हं," बायको म्हणाली. पण पाय काही काढला नाही.