इंगळे साहेबांची रोजची परवानगी

आमचे शेजारी इंगळे साहेब रोज सकाळी साडेसातला एका बाईला स्वतःच्या प्लॉटमधून जायची लेखी परवानगी देतात. त्या बाईनं ती कधीच मागितलेली नाही. मागायचं सोडा, दिली तरी घ्यायला तयार नसते. तरी साहेब भिंतीपाशी कागद धरून उभे, बाई डोक्यावर टोपली घेऊन चाललेली, आणि मी तोंडात ब्रश घालून दोघांचा साक्षीदार. चार वर्षं हेच चाललंय. माझा सकाळचा चहा थंड होतो तो ह्या दोघांपायी.

साहेब मोजणी खात्यातून रिटायर झालेले. उभी नोकरी लोकांच्या शेताच्या हद्दी दाखवण्यात गेली, त्यामुळे माणूस भेटला की आधी त्याचे पाय कोणाच्या जागेत आहेत ते पाहतात. लग्नाला गेले तर नवरदेव राहिला बाजूला, मंडपाचा खांब शेजाऱ्याच्या हद्दीत दीड फूट गेलाय हे मला कानात सांगतील. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या घरच्या वारल्या. त्यांचा फोटो भिंतीवर लावला तेव्हा दोन्ही कोपऱ्यांपासून टेप धरायला मलाच बोलावलं होतं. चार वेळा मोजलं. मग म्हणाले, "गुरुजी, अर्धा इंच डावीकडे घ्या."

त्यांचं एक पेटंट वाक्य आहे, "नकाशात दाखवा." पारावर कोणी म्हणालं की इथं पूर्वी विहीर होती, की हे म्हणणार, नकाशात दाखवा. एकदा माझी बायको सहज म्हणाली की गुडघा फार दुखून राह्यला, तर सवयीनं बोलून गेले, "कुठं? दाखवा नकाशात." नंतर इतके ओशाळले की आठ दिवस आमच्या ओट्यावर आले नाहीत.

आता प्लॉटचं सांगतो. देऊळघाटच्या कडेला त्यांचं घर, घराला लागून पाव एकराची मोकळी जागा. घेतली होती पोरासाठी. पोरगा पुण्याला नोकरीला लागला, तिथंच फ्लॅट घेतला, आणि इथं गवत उगवलं. ह्या गवतातून तिरपी एक पायवाट जाते. ती गोदाबाईची.

गोदाबाईचा मळा प्लॉटच्या मागे. मेथी, वांगी, मिरच्या आणि सांबार, ज्याला बाहेरची माणसं कोथिंबीर म्हणतात. हा माल डोक्यावर घेऊन ती फाट्यावर विकायला बसते. मोठ्या रस्त्यानं गेलं तर शाळेला वळसा पडतो. प्लॉटमधून गेलं की दोन मिनिटांत फाटा. साहेबांनी पहिल्यांदा अडवलं तेव्हा ती थांबलीसुद्धा नाही. चालता चालता म्हणाली, "माह्या सासूपासून वाट हाय ही."

"नकाशात दाखवा!"

"नकाशा कायले पाहिजे? तुमच्या पायाखाली तं हाय."

मग साहेबांनी युद्ध पुकारलं. बाभळीच्या काट्या आणून वाटेवर टाकल्या. गोदाबाईनं त्या दोन दिवसांत उचलून चुलीत घातल्या आणि गावभर सांगितलं की साहेब मोठ्या मनाचे, घरपोच सरपण देतात. नंतर काटेरी तार आली. तारेखालून काठी लावून तिनं टोपलीसकट जाता येईल एवढी खिडकी केली. शेवटी साहेबांनी बुलढाण्याहून पाटी रंगवून आणली, 'खाजगी जागा, प्रवेश मनाई'. गोदाबाईला ती फार आवडली. दम लागला की तिथं थांबायची आणि डोक्यावरची चुंबळ पाटीच्या कोपऱ्याला अडकवून घाम पुसायची.

दुसरा कोणी असता तर पोलिसांत गेला असता किंवा गप बसला असता. साहेब कायद्याची पुस्तकं घेऊन बसले. तीन दिवसांनी माझ्याकडे आले, चेहरा उजळलेला.

"गुरुजी, सापडलं! कोणी वीस वर्षं आपल्या जागेतून बिनहरकत चाललं तं त्याची वहिवाट लागते. पण परवानगीनं चाललं तं शंभर वर्षं चालो, हक्क लागत नाही."

"मंग?"

"मंग काय मंग! तिले परवानगीच देऊन टाकतो ना. रोज. लेखी."

मी हसलो. हसायला नको होतं, कारण साक्षीदार म्हणून त्यांनी मलाच धरलं.

तेव्हापासून रोज एक कागद. 'श्रीमती गोदाबाई यांना आजच्या दिवसापुरती, एक वेळ जाणे व एक वेळ येणे, डोक्यावरील टोपलीसह, परवानगी देण्यात येत आहे.' खाली साहेबांची सही, मग माझी, आणि मग गोदाबाईसाठी रिकामी रेघ. ती रेघ रिकामीच राहायची.

"माह्या बापानं सांगतलं व्हतं," ती म्हणायची, "मोजणीवाल्यासमोर काई बी कर, सही करू नको."

साहेब लगेच त्या रेघेवर लिहीत, 'सही करण्यास नकार दिला.' एक प्रत तिच्या टोपलीत टाकत, एक फाइलला लावत. अशा अकरा जाडजूड फायली झाल्यात. टोपलीतल्या कागदांचं काय होतं ते एका रविवारी कळलं. फाट्यावरून साहेबांनी पावभर मिरच्या घेतल्या, घरी येऊन पुडी सोडली, तर आत त्यांचीच परवानगी. माझ्या सहीवर मिरचीचं देठ. असा माणूस चिडलेला मी पाहिला नाही. "कागदपत्र हाय ते! पुडी बांधायचं काम हाय काय त्याचं?"

गोदाबाईलाही बहुतेक थोडं वाईट वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी जाताना तिनं भिंतीवर मेथीची जुडी ठेवली. झालं! साहेबांना नवीन घोर लागला. जुडी घेतली तर तो वाटेचा मोबदला ठरेल. नाही घेतली तर मेथी उन्हात सुकेल. दहा मिनिटं भिंतीसमोर येरझाऱ्या घातल्या, मग पावती लिहिली, 'सदर मेथी निव्वळ आपुलकीपोटी मिळाली असून तिचा वाटेशी संबंध नाही.' तिच्यावरही सही करण्यास नकार. पण त्या दिवसापासून कधी मेथी, कधी सांबार, कधी दोन वांगी भिंतीवर यायला लागली. वांगी साहेबांना वातामुळे चालत नाहीत, ती आमच्याकडे यायची. तेवढाच काय तो मला ह्या प्रकरणात फायदा.

पोराचा फोन रविवारी येतो. साहेबांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावतात, सगळी गल्ली ऐकते. तो नेहमी एकच विचारतो, "पप्पा, प्लॉट विकू, घर विकू, तुम्ही इकडे या. तिथं कोण आहे तुमचं?"

"अतिक्रमण हाय ना," साहेब म्हणतात. "मी आलो तं त्याच्याकडं कोण पाहीन?"

मी आपला हसत होतो. मास्तर असून डोकं चाललं नाही माझं.

औंदा पोळ्यानंतर गोदाबाई मळ्यात पाय घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. वरवट बकालला तिची लेक असते, ती घेऊन गेली. मळा दीर पाहू लागला, तो माल मोटरसायकलवर टाकून मोठ्या रस्त्यानं नेतो. प्लॉट एकदम सुनसान झाला. मी म्हटलं, "साहेब, अभिनंदन. अतिक्रमण आपोआप हटलं."

त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि घरात गेले.

तिकडे पोरानं ही संधी साधली. बुलढाण्याचा एक गिऱ्हाईक पाहिला, त्याची एकच अट होती की जागेत कोणाची वाट नको. पोरगा म्हणाला, "पाऊस चांगला आहे, महिनाभरात गवत वाढेल, वाट दिसणारही नाही." खरंच होतं ते. आजूबाजूचं गवत गुडघ्याला लागलं होतं.

पण वाट काही बुजेना. मला आश्चर्य वाटलं. एका सकाळी साडेसातला सवयीनं ब्रश घेऊन ओट्यावर आलो आणि पाहतो तर साहेब प्लॉटमध्ये. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बादल्या. मळ्याच्या कोपऱ्यापासून फाट्याच्या टोकापर्यंत जातात, वळतात, परत येतात. सत्तरीचा माणूस, धापा टाकतोय.

"साहेब, हे काय करून राह्यले?"

"चालून राह्यलो."

"अन् बादल्या कायले?"

थांबले. बादल्या खाली ठेवल्या. "बाईच्या डोक्यावर भार राहत होता. नुसत्या चालीनं गवत दबत नाही, गुरुजी." आणि पुन्हा उचलल्या. मला तोंडातला फेस थुंकायचं सुचलं नाही.

गिऱ्हाईक आला त्या दिवशी पोरगा स्वतः पुण्याहून आला होता. गिऱ्हाइकानं सगळं पाहिलं, मग वाटेकडे बोट केलं. "ही काय भानगड?"

"काही नाही," पोरगा म्हणाला. "एक बाई जायची, परवानगीनं. पप्पांकडे अकरा फायली आहेत पुराव्याच्या."

सगळे साहेबांकडे पाहू लागले. मी तर सही करायच्या तयारीतच होतो.

"वाट हाय," साहेब म्हणाले. "जुनी हाय. बाईच्या सासूपासून हाय."

"पप्पा! नकाशात कुठं आहे ती?"

"नसन नकाशात." साहेबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुही आई बी नाही आता नकाशात. म्हणून मी तिले नाही म्हणू काय?"

गिऱ्हाईक चहा न घेता गेला. पोरगा संध्याकाळच्या गाडीनं गेला. जाताना वाकून पाया पडला. साहेबांनी रात्री मात्र पोटभर भाकर खाल्ली असं माझी बायको सांगते. भाजी तिनंच नेऊन दिली होती.

दिवाळीनंतर गोदाबाई आली. हातात काठी, डोक्यावर अर्धी टोपली. मळ्याच्या कोपऱ्यावर थबकली, वाटेकडे पाहत राहिली. साहेब भिंतीपाशी कागद घेऊन उभे. साडेसातच वाजले होते.

"साहेब, वाट कशी काय राह्यली हो? माले वाटलं, बुजली असन."

"माही जागा हाय. मी कुठं बी चालू शकतो. घ्या, आजची परवानगी."

"दीर सांगत व्हता, तुम्ही त्या लोकायले म्हटलं का वाट हाय म्हणून. मंग चिठ्ठी कायले?"

"ते त्यायच्यासाठी. तुमच्यासाठी परवानगीच."

गोदाबाईनं काठी भिंतीला टेकवली, मेथीची जुडी काढून ठेवली आणि पदराला हात पुसला. "द्या तो पेन. आज करतो सही. बाप माहा काई पाह्याले येत नाई."

साहेब एकदम दचकले. पेन मागं घेतलं. "नाही, नाही. तुम्ही नकार द्या."

"काऊन?"

"द्या म्हणतो ना! सही केली की मिटलंच सारं. उद्या कायले याल मंग बोलाले?"

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग काठी घेतली, पदर सावरला आणि मोठ्यानं म्हणाली, "जा, नाई करत सही!"

साहेबांनी रेघेवर सावकाश लिहिलं, 'सही करण्यास नकार दिला', आणि कागद माझ्याकडे केला. मी ब्रश काढला आणि साक्षीदार म्हणून सही केली.